तुटक आठवड्यात वाचायची पुस्तकं (आणि बाकीचा संसार)

हिरवी_वही | सोमवार, रात्री १०:५०

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सगळं व्यवस्थित आहे, काळजीचं काही नाही. पण आमच्या घरातलं खरं वाचणारं माणूस म्हणजे त्या, आणि नेमकी त्यांनाच तंबी मिळालीय: थोडे दिवस पुस्तक नको, खाली वाकायचं नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही. मी घरून काम करतेय. मीटिंग, कुकर, थेंब, पुन्हा मीटिंग, लेकाचा डबा, थेंब, श्रावण लागल्यामुळे कोणी ना कोणी दारात, परत थेंब. दिवसाचा पार चिवडा झालाय.

थेंबांच्या बाटल्या दोन. पहिला घातला की दुसऱ्यासाठी पाचेक मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. तेवढा वेळ सासूबाई डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, "वाच गं काहीतरी." या आठवड्याचं आमचं वाचन म्हणजे ही पाच-पाच मिनिटं, शिवाय दुपारी भाजी निवडतानाचा अर्धा तास.

आधी 'रणांगण' काढलं होतं, बोटीवरच्या प्रवासाची कादंबरी. बारीक पुस्तक, होईल वाचून. दुसऱ्याच बैठकीला सासूबाईंनी बंद करायला लावलं. म्हणाल्या, "दर वेळी बोटीवर चढायचं आणि थेंबासाठी उतरायचं, हे काय वाचन झालं?" मग कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे' काढलं, आणि ते असं चाललंय की विचारू नका.

जाड पुस्तक सुट्टीत, बारीक पुस्तक कामाच्या आठवड्यात, असा आपला सरधोपट हिशेब असतो. मला आता वाटतंय की पानांचा इथे काही संबंध नाही. काही पुस्तकं तुकड्या-तुकड्यांत वाचलेली खपवून घेतात, काही नाही घेत. तुमचा काय अनुभव? या आठवड्यात काय वाचताय, काय लिहिताय, आणि ते दिवसात कुठे बसवताय?

लोकलमधला_मी | सोमवार, रात्री ११:२५

मस्त धागा. पण सासूबाईंशी असहमत (त्यांना सांगू नका). 'रणांगण' मी बदलापूर लोकलमध्ये वाचलंय, तेही उभ्याने, एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. मला तर तुटण्यामुळेच जास्त भिडलं. दिवसभर ऑफिसात डोक्याच्या मागे ती बोट चालूच.

बाकी या आठवड्यात वाचन शून्य. पाऊस, मेगाब्लॉक आणि क्लोजिंग. बॅगेतलं पुस्तक फुगून दुप्पट झालंय.

हिरवी_वही | मंगळवार, सकाळी ७:१०

@लोकलमधला_मी, तुम्ही तुटक वाचलंत कुठे? लोकलचा तास सलग असतो हो. तासभर कोणी "मीठ कुठे ठेवलंय" विचारत नाही.

त्या पुस्तकाचा जोर सगळा वेळ संपत येण्यात आहे. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, बोटीवरचे मोजके दिवस, चक्रधर आणि हॅर्टा. मुंबई आली की प्रवास त्याचा संपणार, तिचा नाही, हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. तिथे मधेच उठलं की तो ताण सैल पडतो आणि परत बसल्यावर नव्याने ओढावा लागतो. १९३९ साली, म्हणजे युद्धाच्या तोंडावर विश्राम बेडेकरांनी हे लिहिलं, हे आठवलं की आजही काटा येतो. त्याला एक अख्खी रात्र द्यावी.

लक्ष्मीबाईंचं उलट. 'स्मृतिचित्रे' आधी 'संजीवनी' साप्ताहिकात क्रमशः येत होतं, पुस्तकाचे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात निघाले. म्हणजे लिहिलंयच हप्त्याहप्त्याने. एक प्रसंग, त्यातली गंमत, मग त्या गमतीखालचं दुःख, की झालं, थेंबाची वेळ. पुस्तक उघडं पालथं टाकून उठलं तरी बाई रागावत नाहीत.

आजी_रत्नागिरी | मंगळवार, सकाळी ९:०२

पुस्तक उघडं पालथं टाकू नये. पाठ मोडते.

ऑपरेशनचं ऐकून बरं वाटलं. माझे दोन्ही डोळे झालेत. सासूबाईंना सांगा, पट्टी निघाल्यावर घरातल्या भिंती किती कळकट आहेत ते पहिल्यांदा दिसेल, तेव्हा सुनेला बोलू नये.

आमच्या इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं. तिथे जायचं म्हणजे पूर्वी माझ्या घरी परवानगीचा विषय असे, आता गुडघ्याचा आहे. दोन पुस्तकं आणते. एक सकाळी वाचायचं, एक रात्री. सकाळचं चरित्र किंवा आठवणी, रात्रीची कादंबरी. उलट केलं तर सकाळी आमटी लागते आणि रात्री झोप लागते.

कथा_अर्धवट | मंगळवार, दुपारी ३:४०

आजी, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलंय.

माझा आठवडा लिहिण्याचा आहे, निदान असायला हवा होता. एका दिवाळी अंकाला कथा द्यायची कबूल केलीय. महिनाअखेर मुदत. लोकांना वाटतं दिवाळी अंक दिवाळीत होतो. आमची दिवाळी आषाढात सुरू होते आणि श्रावणात दिवाळं निघतं. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून समस्त लेखकूंचा पावसाळा वाया गेलाय.

वाचनाबद्दल म्हणाल तर लिहीत असताना मी चांगलं ललित वाचतच नाही. दुसऱ्याची लय कानात बसते. सध्या रेल्वेचं वेळापत्रक आणि एक जुना पाककृतींचा संग्रह वाचतोय. दोन्ही उत्तम गद्य. (अर्धं गंभीरपणे म्हणतोय.)

द्विशिक्षकी | मंगळवार, रात्री ८:१५

वाचतोय. सातारा जिल्ह्यात, माण भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पटसंख्या बेताची, शिक्षक दोन, त्यातले एक सध्या प्रशिक्षणाला. दिवसा वाचन म्हणजे बालभारती आणि परिपत्रकं.

रात्री व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' परत काढलंय. १९५५ चं पुस्तक. औंध संस्थानातली एकशिक्षकी शाळा, नवा मास्तर, धनगरांची वाडी, पोरं शाळेऐवजी मेंढरांमागे. नोकरीला लागलो तेव्हा सगळ्यांनी हे पुस्तक भेट दिलं. तीन प्रती झाल्या. एक शाळेत ठेवली, एक सरपंचांना दिली, त्यांनी ती अजून वाचली नाही पण समोरच्या कपाटात दिसेल अशी ठेवलीय.

हिरवी_वही यांचा मुद्दा पटतो. हे पुस्तक तुकड्यांत मस्त चालतं. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, एकेक माणूस येतो आणि आपण त्याच्याशी बोलून झोपतो.

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ११:३०

पणजीहून. मला घरी वाचताच येत नाही, म्हणून मी पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसते. इमारत नवी, पण संस्थेची सुरुवात पोर्तुगीज अमदानीतली, १८३२ ची. ज्याचं नाव दिलंय तो कृष्णदास शामा १५२६ साली कृष्णचरित्र लिहायला बसला होता. मी तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात त्या टेबलावर कोपरा धरते. ती पोरं घोकतायत आणि आपण कादंबरी वाचतोय, याची जी काय मजा आहे!

पण हिरवी_वही, मोठ्याने वाचून दाखवणं हे वेगळंच प्रकरण आहे. तुकड्यांत टिकतं ते पुस्तकामुळे की आवाजामुळे? पोथी रोज एक अध्याय वाचतात, दुसऱ्या दिवशी कोणाचा धागा तुटत नाही.

हिरवी_वही | बुधवार, रात्री ११:१५

@मांडवीकाठ, हे डोक्यात आलं नव्हतं. आज मुद्दाम लक्ष ठेवलं.

दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथीची जुडी सोडली. सासूबाई काळा चष्मा लावून, न बघता, बोटांनीच पानं खुडत होत्या. कोवळं देठ लागलं की राहू द्यायचं, जून लागलं की बाजूला. मी वाचत होते नानांच्या सोवळ्याचा भाग. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड, बाहेरून घरात येईल ते धुऊन घ्यायचं, आणि त्यात बायकोमुलांची होणारी फरफट. मी हसत वाचत होते, कारण लक्ष्मीबाई हसवतातच. सासूबाईंचे हात थांबले. म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई तशाच. आम्हा पोरींची बोटं पांढरी पडायची पाण्याने. तेव्हा कोणी हसत नव्हतं हो." मग पुन्हा खुडायला लागल्या आणि म्हणाल्या, "वाच पुढे. ही बाई बरोबर सांगतेय."

आत्याबाईंबद्दल आजवर आमच्या घरात फक्त त्या सुगरण होत्या एवढंच ऐकलं होतं.

तर मी वहीत पुस्तकाबद्दल लिहिणं सोडलंय. कोणत्या पानाशी सासूबाई थांबल्या आणि काय म्हणाल्या, तेवढंच टिपते. पान क्रमांक आणि त्यांचं वाक्य. पुस्तकाबद्दल लिहायला इतर समर्थ आहेत.

कथा_अर्धवट | बुधवार, रात्री ११:४०

ती वही सांभाळा. खरंच सांगतो. अशी वही मिळाली तर मी कथा लिहिणं सोडून देईन.

वाळवी_वैरी | गुरुवार, सकाळी ८:२०

अवांतर, पण पावसाळा आहे म्हणून विचारतो: कपाटातून जुनं पुस्तक काढलंत, त्यात कसर नाही ना? ती चंदेरी, मासोळीसारखी सळसळत जाते ती. ती कागदापेक्षा बांधणीतली खळ आणि वरचं कापड खाते, कारण तिला पिष्ट लागतं. म्हणून पुस्तक बाहेरून बरं दिसतं आणि उघडलं की फॉर्म (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) हातात येतो.

हिरवी_वही | गुरुवार, सकाळी ८:३५

आहे ना! आमच्या प्रतीचा पुठ्ठा केव्हाच सुटलाय, रबराने बांधलंय. वेखंड ठेवलं होतं. काय करू?

वाळवी_वैरी | गुरुवार, सकाळी ९:१०

रबर काढा आधी. ते कागद कापतं आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतं. सुती फीत किंवा जुन्या साडीची पट्टी बांधा.

वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनी किडा जरा लांब राहतो, पण आत बसलेला मरत नाही. पाला ओला असेल तर उलट बुरशी. मी करतो ते असं: पुस्तक पूर्ण कोरडं बघून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, हवा काढून तोंड घट्ट बंद करायचं आणि दोनेक आठवडे फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही. पिशवी घरातल्या हवेइतकी कोमट होऊ द्यायची, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. अंडी, अळ्या, सगळ्यांचा निकाल लागतो. फार जुनं, मोलाचं काही असेल तर मात्र हा प्रयोग घरी नको, जाणत्याकडे न्या.

आणि कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका. मागे हात जाईल एवढी फट हवी. अर्धे रोग हवा न खेळल्याचे.

(पानं पिवळी पडून तुटतात ते कसरीचं काम नव्हे. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा तसाच राहिलेला असतो, तो हवा-उजेडाने तांबूस होतो आणि आम्ल धरतो. त्याला फ्रीझर काही करू शकत नाही.)

परदेशी_पाहुणा | गुरुवार, सकाळी ९:५५

न्यू जर्सीत फ्रीझरमध्ये पुस्तक ठेवलं तर बायको मला घराबाहेर ठेवेल. इथे बाहेर हिवाळ्यात तोच परिणाम होतो म्हणा.

आमचा पुस्तकांचा प्रश्न वजनाचा. भारतातून येताना एका बॅगेला तेवीस किलो. त्यात आईचा मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. दर वेळी विमानतळावर उकडा तांदूळ की दिवाळी अंक, असा निवाडा करावा लागतो आणि दर वेळी अंक जिंकतात, कारण ते हातातल्या पिशवीत सरकवता येतात.

मला तुकड्यांत वाचायला कविता पुरते. लेकीला पोहायच्या क्लासला सोडलं की गाडीत बसून एक. दुसरी वाचत नाही. गोळ्यांसारखं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

लोकलमधला_मी | गुरुवार, रात्री ९:३०

फुगलेल्या पुस्तकाचं काय करावं, वाळवी_वैरी साहेब?

वाळवी_वैरी | गुरुवार, रात्री ९:५०

उन्हात नको, इस्त्री तर मुळीच नको. दर थोड्या पानांआड साधा, छपाई नसलेला कागद घाला, पंख्याखाली ठेवा, कागद बदलत राहा. कोरडं होत आलं की वर पाटा ठेवा. आणि पुढच्या वेळी पुस्तक दुधाच्या पिशवीत घालून न्या. धुतलेल्या.

द्विशिक्षकी | शुक्रवार, रात्री ७:४५

आज गंमत झाली. यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरायला नेट नव्हतं, म्हणून चौथीला 'बनगरवाडी'तला तालमीचा भाग वाचून दाखवला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: मास्तर पुढाकार घेतो, वाडी श्रमदान करून तालीम बांधते, आणि औंधचे राजे स्वतः येतात. औंधच्या या राजांना, म्हणजे पंतप्रतिनिधींना व्यायामाची, सूर्यनमस्कारांची केवढी आवड होती ते सगळ्यांना माहीत आहेच, त्यामुळे ते शोभूनही दिसतं. पोरांना राजा आला म्हणून फार आवडलं. मग विचारलं, पुढे काय झालं? सांगितलं, की पाऊस पडला नाही, चारा संपला, मेंढरं गेली, वाडी उठली.

एक पोरगी, घरी मेंढरं आहेत, दिवाळीनंतर वडील कळप घेऊन खाली जातात, ती म्हणाली, "मग गुरुजी, समद्यांनी मिळून तालीम कशाला बांधली? हीर का नाही खणली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक इतक्यांदा वाचून हे मला सुचलं नाही.

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री ८:२०

काय प्रश्न आहे! समीक्षकांच्या चर्चासत्रात कोणी विचारला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या.

कथा_अर्धवट | शुक्रवार, रात्री ८:५५

मास्तर तरुण आहे आणि गावासाठी काहीतरी उभं करायचंय, जे दिसेल असं. तालीम दिसते. विहिरीला पाणी लागलं तर विहीर, नाहीतर खड्डा. माडगूळकर कुठेही म्हणत नाहीत की मास्तर शहाणा आहे. मला तर वाटतं त्यांनी ती तालीम मुद्दाम दुष्काळाच्या अलीकडे ठेवलीय. पुढे वाडी उठते, तेव्हा ती रिकामी इमारत वाचकाला टोचावी म्हणून.

आजी_रत्नागिरी | शुक्रवार, रात्री ९:३०

असं काही नाही. माणसं एकत्र येऊन काही बांधतात तेव्हा हिशेब करून बांधत नाहीत. आमच्या वाडीत पाण्याची टंचाई असताना देवळाला कळस चढवला. कोणी विचारलं नाही. पण त्या मुलीने विचारलं ते योग्य केलं. तिला शाबासकी द्या आणि खाऊ पण द्या.

लोकलमधला_मी | शनिवार, सकाळी १०:४०

मी दोन्हींच्या मधे. वाडीत पाणी लागणार नाही हे धनगरांना माहीत असणार, शतकानुशतकं ते पावसामागे चालतायत. विहीर हा एका जागी राहणाऱ्याचा उपाय. मास्तर बाहेरचा म्हणून त्याला भिंती सुचतात. मुलगी धनगराची असून तिला विहीर सुचली, हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतंय. काळ बदललाय तो तिच्यात.

द्विशिक्षकी | शनिवार, दुपारी १:०५

@लोकलमधला_मी, बरोबर पकडलंत. तिला वडिलांबरोबर खाली जायचं नाहीये, शाळेत राहायचंय. गेल्या वर्षी हंगामी वसतिगृहाचं विचारायला तीच आली होती, आईला घेऊन.

सोमवारी त्या सगळ्यांना "मी मास्तर असतो तर काय बांधलं असतं" यावर पाच ओळी लिहायला देतोय. इथे टाकेन.

हिरवी_वही | रविवार, सकाळी ११:३०

काल तपासणी झाली. डोळा छान. वाचायला परवानगी मिळाली, थोडं थोडं. त्यामुळे माझी नोकरी गेली. सासूबाईंनी रात्री पुस्तक स्वतःकडे घेतलं (साडीच्या पट्टीने बांधलेलं, वाळवी_वैरी यांचे आभार, फ्रीझरला नंतर) आणि मला मागे टाकून पुढे निघून गेल्या. मी अजून लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक न सांगता ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई वेगळ्या राहतायत तिथेच. त्यांनी मला पुढचं सांगितलं सुद्धा: लक्ष्मीबाई स्वतःलाच विचारतात, जात देवाने केली की माणसाने, आणि स्वतःच निकाल लावून शिवाशिव सोडतात. "नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही सोडली हो, स्वतःला पटल्यावर सोडली," हे मला दोनदा ऐकवलं.

मांडवीकाठ, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: आवाजाचा वाटा मोठा. तेच पुस्तक आता मी एकटी मनात वाचते तर मधे भाजीला कढीपत्ता आहे का हे आठवतं. मोठ्याने वाचताना आठवत नव्हतं.

द्विशिक्षकी, तुमच्या पोरीचा प्रश्न काल जेवताना वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, तिला शिकून पंचायत समितीत पाठवा, शिक्षिका नको करायला.

पाच ओळींची वाट बघतोय. मेथीच्या जागी या आठवड्यात अळू आहे, तेव्हा खाज थांबेपर्यंत वाचन बंद.

कथा_अर्धवट | रविवार, दुपारी १२:१०

अळूला हाताला चिंच लावा.

कथा अजून अर्धीच. पण नायकाच्या गावात तालीम होती ती काढून टाकलीय.